गिरगावातली एक संध्याकाळ आणि कुंडीतला वाटाणा

पुनरुत्थान सणानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील युवक-युवतींना अलीकडे छायाचित्रणाचा नाद लागला आहे. नाद चांगला आहे. मिस्साबलिदानाच्या वेळी वेदीसमोर मोबाइल उंचावला गेला की आमचा जीव वर-खाली होतो, ती गोष्ट वेगळी. तर या मुलांनी हट्ट धरला की, एक दिवस मुंबईला छायाचित्रांची सहल काढायची आणि सोबत फादरनी यायचे. सकाळची गाडी पकडून आम्ही वसईहून निघालो आणि चर्नी रोडला उतरलो. गिरगावच्या संत तेरेजा मंदिरात घटकाभर बसून बाहेर पडलो, खोताच्या वाडीतल्या लाकडी जिन्यांच्या घरांवरून एक फेरी झाली, आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर येऊन उभे राहिलो. समोर दुकानांच्या पाट्या, हातगाड्या, बसगाड्यांचा खोळंबा. आमच्यातली एक मुलगी कॅमेरा गळ्यात लटकवून जरा त्रासिकपणे म्हणाली, "फादर, इथं काढण्यासारखं काय आहे?"

गेटवे ऑफ इंडिया सोडून आम्ही तिला या गर्दीत का आणले, हा तिचा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. तिला आम्ही तिथे रस्त्याच्या कडेला आणि पुढे दादरला जाताना गाडीत जे सांगितले, तेच थोड्या सविस्तरपणे येथे मांडत आहोत.

या रस्त्याचे जुने नाव सँढर्स्ट रोड. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी या भागात चलच्चित्रे दाखवणारे तंबू आणि नाट्यगृहे होती. त्यांपैकी गिरगावातील 'अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस' नावाच्या ठिकाणी एका संध्याकाळी चाळिशीचा एक मराठी गृहस्थ आपल्या कुटुंबाला घेऊन बसला होता. नाव धुंडिराज गोविंद फाळके. पडद्यावर दाखवले जात होते ते आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताचे चरित्र. तो खेळ पाहून बाहेर पडलेल्या या गृहस्थाने दोन वर्षांच्या आत 'राजा हरिश्चंद्र' तयार केला, आणि भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून त्याचे नाव झाले. ही कथा शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण ती इतक्या घाईने सांगितली जाते की, तिच्यातले जे मर्म आहे ते निसटून जाते.

पहिली गोष्ट तारखेची. अनेक लेखांतून असे आढळते की, फाळके यांनी १४ एप्रिल १९११ रोजी थोरला मुलगा भालचंद्र याच्यासमवेत जनावरांचा एक चित्रपट पाहिला, घरी येऊन सांगितले तर कुणाला खरे वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नेले. आणि तो दिवस ईस्टरचा असल्यामुळे ख्रिस्तचरित्र लागले होते. आता पंचांग पाहण्याची आम्हां धर्मगुरूंना सवयच असते. १९११ साली ईस्टरचा रविवार १६ एप्रिलला होता. म्हणजे १४ एप्रिल हा गुड फ्रायडे आणि दुसरा दिवस पवित्र शनिवार. फाळके यांनी स्वतः पुढे 'नवयुग' मासिकात जे लेख लिहिले त्यांत १९१० हे साल दिले आहे, आणि म्हणून काही अभ्यासक नाताळाचे दिवस धरतात. आमचा कल ईस्टरकडे आहे. सणाच्या निमित्ताने लावायचा खेळ शनिवारीच सुरू करायचा, हे थिएटरवाल्यांच्या व्यवहाराला धरूनच आहे. मुंबईतील ख्रिस्ती लोक त्या दिवशी पास्काविधीची तयारी करीत असतील, आणि त्याच वेळी तेथून हाकेच्या अंतरावर एक वैदिक ब्राह्मण कुटुंब पैसे देऊन येशूचे चरित्र पाहत बसले असेल, हे चित्र आमच्या मनातून जात नाही.

तो चित्रपट कोणता? त्या काळी ख्रिस्तचरित्रावर एकाहून अधिक चित्रपट निघाले होते. बहुतेक चरित्रकार फ्रान्समधील आलिस गी हिच्या १९०६ सालच्या चित्रपटाकडे बोट दाखवतात. ही बाई गोमाँ यांच्या कंपनीत चिटणीस म्हणून लागली आणि जगातील पहिली स्त्री-दिग्दर्शक झाली. तिने गव्हाणीपासून रिकाम्या कबरीपर्यंत पंचवीस दृश्ये रचली, आणि ती रचताना समोर ठेवली होती जेम्स तिसो या चित्रकाराची चित्रे. या तिसोची हकीकत आमच्या वाचकांना ठाऊक असावी असे वाटते. तो पॅरिस आणि लंडनच्या उच्चभ्रू समाजातल्या नटव्या स्त्रियांची चित्रे काढून श्रीमंत झालेला कलावंत. १८८५ साली अशाच एका चित्रासाठी निरीक्षण करायला तो पॅरिसच्या संत सुल्पिस मंदिरात गेला असता त्याला ख्रिस्तदर्शन झाले, असे तो सांगे. श्रद्धेकडे तो परतला तो कायमचा. पुढच्या वर्षी तो पॅलेस्टाईनला गेला, नंतरही गेला. तिथले डोंगर, विहिरी, माणसांचे पोशाख, उन्हाची तिरीप वहीत टिपून आणली आणि येशूच्या जीवनावर साडेतीनशे जलरंगचित्रे काढली.

म्हणजे साखळी पाहा. मंदिरात मॉडेल शोधायला गेलेला चित्रकार, त्याची चित्रे समोर ठेवून दृश्ये मांडणारी फ्रेंच बाई, आणि तिची दृश्ये गिरगावात पाहणारा त्र्यंबकेश्वरचा फाळके. यांतल्या कुणीही दुसऱ्याला पाहिले नव्हते.

आता फाळके हे कोण होते, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण पडद्यावरचे चित्र त्या संध्याकाळी शेकडो लोकांनी पाहिले, पण ते एकालाच चावले. जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृत पंडित. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांना अध्यापकाची जागा मिळाली, म्हणून हे कुटुंब मुंबईत आले. विल्सन महाविद्यालय ख्रिस्ती मिशनऱ्यांचे, हे वेगळे सांगायला नको. धुंडिराजाने १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला, नंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, छपाईचे ठसे तयार करणे असे जे जे शिकता येईल ते शिकला. गोध्रा येथे छायाचित्रकाराचा धंदा मांडला. तेथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दगावले. बडोद्यात स्टुडिओ थाटला तर कॅमेरा माणसाचा प्राण शोषून घेतो अशी वदंता उठली आणि गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती १९०६ च्या सुमारास सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयासाठी देवदेवतांच्या चित्रांचे छपाईकाम केले. तोच छापखाना भागीदारीत दादरला आला, जर्मनीहून रंगीत छपाईची यंत्रे आणून झाली, आणि भागीदारांशी मतभेद होऊन फाळके अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. जादूचे प्रयोगही ते करीत असत. चित्रकार, छायाचित्रकार, ठसेकार, मुद्रक, जादूगार. आणि १९११ साली हाताला काम नाही.

त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की, डोळ्यांसमोर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असताना मनात मात्र श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती. येथे आम्हांला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. आपल्या समाजातील काही मंडळी व्यासपीठावरून मोठ्या अभिमानाने सांगतात की, भारतीय चित्रपटाचा उगम ख्रिस्तचरित्रातून झाला. वाक्य खोटे नाही. पण ते ज्या सुरात उच्चारले जाते तो सूर आम्हांला खटकतो. जणू काही फाळके यांनी आपल्याकडून काही उसने घेतले आणि त्याची पावती आपल्या कपाटात आहे. फाळके यांनी येशूचे चित्र पाहिले आणि त्यांना आपल्या आजीने सांगितलेल्या कथा दिसल्या. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस होते; आपल्या देवांची चित्रे आपल्या माणसांनी आपल्या भांडवलावर हलती करावीत, हा त्यांचा ध्यास होता. आपण गुड फ्रायडेला दरवर्षी क्रूसाची वाट चालतो, गावच्या मैदानात पांढऱ्या चादरीवर 'दयासागर' पाहून आम्हीही लहानांबरोबर रडलो आहोत. पण त्या पाहण्यातून आपल्या हातून नवे काय निर्माण झाले, हा प्रश्न आम्ही इतरांना विचारण्याआधी स्वतःलाच विचारतो, आणि उत्तर फारसे सुखद नाही.

असो. पुढचे वर्ष फाळके यांनी पाहण्यातच घालवले. लागेल तो चित्रपट पाहायचा, घरी छोट्या यंत्रावर प्रयोग करायचे, झोप जेमतेम तीन तास. डोळ्यांवर इतका ताण आला की, काही काळ दृष्टी जवळजवळ गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने ती परत आली. विम्याच्या पॉलिसी त्यांनी छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांच्याकडे गहाण ठेवून दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनच्या बोटीवर पाऊल ठेवले. ओळखीचे तिथे कुणी नव्हते. पिकॅडिली सर्कसजवळ 'बायोस्कोप' या साप्ताहिकाची पाटी दिसली, ते साप्ताहिक फाळके मुंबईत वाचत असत. तेवढ्या ओळखीवर ते सरळ संपादकाच्या खोलीत शिरले. संपादकाने आधी परावृत्त करून पाहिले, मग त्यांची तळमळ पाहून वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले. हेपवर्थ हे इंग्रजी चित्रपटाचे एक आद्य निर्माते. त्यांनी आपला स्टुडिओ या परक्या माणसाला मोकळेपणाने दाखवला. फाळके यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म आणि तिला कडेने भोके पाडण्याचे यंत्र मागवले, आणि १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईत परत आले. जाण्या-येण्याचा समुद्रप्रवास वगळला तर लंडनमधला मुक्काम अवघा दोन आठवड्यांचा.

इतक्या थोड्या मुक्कामात त्यांनी तिथले फोटो काढले का, टेम्स नदी पाहिली का, असे आमच्या मुलांनी विचारले. त्यांना काय हवे आहे हे ते गिरगावातच ठरवून निघाले होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांचेही असेच. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईत प्रथम दाखवली गेली. सावेदादा हे धंद्याने छायाचित्रकार. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरची कुस्ती टिपली आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचा सत्कार टिपला. त्यांनी जे घडत होते ते चित्रित केले. फाळके यांना जे कुणी पाहिले नव्हते ते दाखवायचे होते. हा फरक मोठा आहे, पण सावेदादांचे ऋण आपण विसरू नये.

चर्नी रोडच्या इस्माईल बिल्डिंगमधून फाळके कुटुंब दादरला मथुरा भवनात राहायला गेले. आवारात काचेची एक खोली उभारली, कारण सारे काम सूर्यप्रकाशावर चालायचे. शेजारी एक काळोखी खोली. पण कथाचित्राला पैसा कोण देणार? आणि येथेच आमच्या मते या चरित्रातला सर्वांत सुंदर प्रसंग येतो.

फाळके यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा रोवला. बी फुटले, अंकुर वर आला, वेल होऊन वाढू लागला. आणि महिनाभर कॅमेरा जागचा न हलवता ते त्या वाढीची चित्रे घेत राहिले. ती फीत पडद्यावर चालवली तेव्हा महिन्याची वाढ मिनिटाभरात डोळ्यांदेखत झाली. 'अंकुराची वाढ' असे तिचे नाव. सावकाराला हा तुकडा दाखवल्यावर भांडवल मिळाले.

अनेक ठिकाणी लिहिले जाते की, ते रोज एकच चित्र घेत. आम्ही हे गणित मुलांसमोर मांडून पाहिले. त्या काळच्या मूकपटात सेकंदाला साधारण सोळा चित्रे लागत. रोज एक घेतले तर तीस दिवसांत तीस चित्रे, म्हणजे पडद्यावर दोन सेकंदसुद्धा नाहीत. मिनिटभराच्या फितीला साडेनऊशेच्या वर चित्रे हवीत. म्हणजे दिवसाला तीसएक. तेव्हा 'रोज एक' ही नंतरच्या सांगणाऱ्यांनी केलेली सोपी गोष्ट असावी. खरा माणूस दिवसातून पुनःपुन्हा त्या कुंडीपाशी जात असला पाहिजे, ऊन कुठे सरकले ते पाहत असला पाहिजे. ती फीत आज उपलब्ध नाही. असती तर अंकुरापेक्षा त्याच्यामागे भिंतीवर सरकणारी सावली आम्ही अधिक लक्षपूर्वक पाहिली असती.

आणि सरस्वतीबाई. दुसऱ्या विवाहाची ही पत्नी. फाळके यांच्या मोठेपणाविषयी लिहिताना तिचे नाव एका ओळीत येते, म्हणून आम्ही मुद्दाम थांबतो. कच्च्या फितीला अंधारात भोके पाडायचे काम तिने शिकून घेतले. फीत धुणे, जोडणे तिने केले. चित्रीकरणाच्या वेळी भर उन्हात पांढरी चादर हातांत ताणून ती उभी राही, म्हणजे प्रकाश परतून नटांच्या तोंडावर पडावा. आणि ही सारी साठ-सत्तर माणसे जेवायची ती तिच्याच हातचे. तारामतीची भूमिका तूच कर, असे नवऱ्याने म्हटले तेव्हा तिने नकार दिला: मग बाकीचे कोण पाहणार? तिचे म्हणणे रास्तच होते. त्या काळी दुसरी कुणी स्त्री तोंडाला रंग लावायला तयार होईना. अखेरीस ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके तारामती झाला. हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके, आणि रोहिदास फाळके यांचा स्वतःचा भालचंद्र. नाटकसिनेमातले काम हलके मानले जाई, म्हणून कुणी विचारले तर आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहोत असे सांगा, अशी नटांना ताकीद होती. परेश मोकाशी यांच्या २००९ सालच्या चित्रपटाला ते नाव मिळाले ते यावरूनच.

सहा महिने सत्तावीस दिवसांत काम पुरे झाले. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी, शनिवारी, गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. तो झाला याच सँढर्स्ट रोडवर, जिथे आमच्या मुलीने तो प्रश्न विचारला. कोरोनेशन आता नाही. जाहिरात मात्र ऐकण्यासारखी होती: सत्तावन्न हजार फोटोग्राफ, दोन मैल लांबीचे चित्र, अवघ्या तीन आण्यांत. फीत सुमारे ३७०० फुटांची, म्हणजे मैलाचा पाऊण हिस्साही नाही. जादूगार तो जादूगारच. पण सत्तावन्न हजार हा आकडा हिशेबाला बहुतांशी उतरतो, कारण फुटाला सोळा चित्रे बसतात. आम्हांला यातला 'फोटोग्राफ' हा शब्द मोलाचा वाटतो. आपण काहीतरी नवीनच केले असे न सांगता, मी फोटो काढले आहेत, फक्त पुष्कळ काढले आहेत, असे गोध्र्याचा तो जुना छायाचित्रकार सांगत होता.

पुढची कथा आम्ही लांबवत नाही. फाळके नाशिकला गेले, 'लंकादहन', 'कालियामर्दन' यांनी कीर्ती मिळाली. कंपनी, भागीदार, मतभेद पुन्हा तेच. बोलपट आला आणि त्यांचा काळ सरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते वारले, फारशी गर्दी नसताना. सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू केला.

दादरला उतरून आम्ही पूर्वेच्या बाजूला गेलो. तेव्हाच्या दादर मेन रोडला आज दादासाहेब फाळके यांचे नाव आहे. मुले पाटीचा फोटो काढू लागली. एवढ्या लांब येऊन पाटीच काय काढता, असे आम्ही म्हणणार होतो, पण गप्प राहिलो. दुपार कलली तसे पूल ओलांडून पश्चिमेला गोखले रोडवर पोर्तुगीज चर्चमध्ये गेलो. फ्रान्सिस्कन मठवासीयांनी १५९६ साली स्थापलेले हे मुक्तिदात्री मारियेचे मंदिर. आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात रचलेली, छतातून वरून प्रकाश उतरावा अशी. सकाळी प्रश्न विचारणारी ती मुलगी तिथे बाकावर बसून राहिली. पाऊण तासात तिने एकच ठिकाण धरले: जमिनीवरचा उजेडाचा एक तुकडा, जो हळूहळू सरकत होता. किती काढलेस, असे विचारले तर म्हणाली, "मोजले नाहीत, फादर."

परतल्यावर त्यांनी पुजारीगृहाच्या खिडकीत एक कुंडी आणून ठेवली. तिच्यात वाटाणे पेरले आणि समोर एक जुना मोबाइल बांधला. ठरावीक वेळाने आपोआप चित्र घेण्याची सोय त्यात असते म्हणे, पण त्यांनी ती वापरायची नाही असे ठरवले. शाळा-कॉलेजच्या आधी आणि नंतर पाळीपाळीने येऊन हाताने चित्र घेतात. आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशींना त्या वेळी दार उघडावे लागते, त्याबद्दल त्या कुरकुरतात. अकराव्या दिवशी मांजराने कुंडी खाली पाडली. दुसरी कुंडी मावशींनीच आणून ठेवली आहे, आणि आज तिच्यात दोन पाने दिसत आहेत.